वाचकांचे प्रश्न : क्लाइडकाठची जहाजे

गेल्या महिन्यात या सदरात स्कॉटलंडमधील क्लाइड नदीचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे आजोबा मुंबईहून मोंबासाला जाणाऱ्या ‘करांजा’ या आगबोटीवर खलाशी होते. ती बोट लढाईत बॉम्ब पडून बुडाली, असे आजी सांगत असे. वडील मात्र म्हणतात, की 1950 नंतरही आजोबा ‘करांजा’वरच नोकरीला होते. घरात असलेल्या बोटीच्या चित्रामागे ‘लिंटहाउस, ग्लासगो’ असे लिहिलेले आहे. दोघांपैकी खरे कोणाचे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते, कारण ‘करांजा’ नावाच्या दोन बोटी होत्या आणि दोन्ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या एकाच कंपनीच्या होत्या. पहिली 1931 साली बांधली गेली. युद्धकाळात आरमाराने ती ताब्यात घेऊन किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या कामासाठी तिच्यात फेरफार केले आणि नोव्हेंबर 1942 मध्ये अल्जीरियाच्या बूझी बंदरापाशी विमानांच्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. आपल्या आजींच्या मनात राहिली ती हीच बोट असावी. युद्ध संपल्यावर कंपनीने मुंबई–पूर्व आफ्रिका मार्गासाठी ‘कंपाला’ (1947) आणि ‘करांजा’ (1948) अशी नव्या बोटींची जोडी बांधून घेतली. ही दुसरी ‘करांजा’ 1976 मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे आली आणि तिचे नाव ‘नानकौरी’ झाले.

गोंधळ वाढवणारी आणखी एक बाब म्हणजे या दोन्ही ‘करांजा’ क्लाइडकाठच्या लिंटहाउस येथील अलेक्झांडर स्टीफन अँड सन्स या एकाच गोदीत जन्मल्या. म्हणजे चित्रामागच्या त्या ओळीवरूनही निर्णय लागत नाही. म्हणूनच जहाजांचे अभ्यासक नावावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. नाव बदलते, एकाचे नाव दुसऱ्याला दिले जाते, मालक बदलला की पुसलेही जाते. गोदीने दिलेला बांधणी क्रमांक मात्र, कोकणात ज्याला पठाण म्हणतात तो जहाजाचा कणा बसवण्याच्याही आधी ठरलेला असतो आणि तो जन्मभर त्याच जहाजाचा राहतो. ‘क्वीन मेरी’ हे जगप्रसिद्ध जहाज जलावतरणाच्या दिवसापर्यंत लोकांना ‘पाचशे चौतीस’ या आकड्यानेच ठाऊक होते. जागतिक मंदीमुळे डिसेंबर 1931 पासून दोन वर्षांहून अधिक काळ त्याचे काम बंद पडले होते, तेव्हा गंजत पडलेल्या त्या सांगाड्याला दुसरे नावच नव्हते.

आपण प्रथम आजोबांची सेवापुस्तिका शोधावी आणि तीत बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखा पाहाव्यात. नावाशेजारी जहाजाचा अधिकृत नोंदणी क्रमांक असेल, तर तो आधी टिपून घ्यावा. त्या क्रमांकावरून ‘लॉइड्स रजिस्टर’ या जहाजांच्या छापील नोंदवहीच्या त्या त्या वर्षीच्या खंडात बांधणीचे वर्ष, गोदी आणि टनभार सापडतो. लिंटहाउसची गोदी आता राहिलेली नाही, परंतु तिचा इंजिनांचा जुना कारखाना तसाच्या तसा उचलून अर्व्हिन या गावी पुन्हा उभारण्यात आला आहे आणि स्कॉटलंडचे सागरी संग्रहालय त्यात भरते.

प्रश्न : ग्लासगो समुद्रापासून बरेच आत आहे आणि तेथील नदी पूर्वी पायी ओलांडता येत असे, असे वाचले. मग इतकी प्रचंड जहाजे तेथे पाण्यात सोडली तरी कशी?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. 1755 मध्ये जॉन स्मीटन या अभियंत्याने पाहणी केली, तेव्हा ओहोटीच्या वेळी एका उथळ जागी केवळ सव्वा फूट पाणी होते. बांध घालून आणि दरवाजे बसवून पाणी अडवावे, असा त्याचा सल्ला होता. जॉन गोलबोर्न याने 1768 मध्ये नेमका उलटा मार्ग सुचवला. दोन्ही काठांवरून पात्रात दगडी बांध काढून प्रवाह अरुंद करावा, म्हणजे पाण्याचा वेग वाढेल आणि नदी आपला गाळ स्वतःच वाहून नेईल, अशी त्याची कल्पना होती. ती इतकी यशस्वी ठरली, की 1775 पर्यंत सहा फुटांहून अधिक पाणी लागणारी गलबते थेट शहराच्या धक्क्याला लागू लागली. पुढे वाफेच्या यंत्रांनी गाळ उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. ‘क्लाइडने ग्लासगो घडवले आणि ग्लासगोने क्लाइड’ असे तेथे म्हणतात, त्यातला दुसरा अर्धा भाग हा असा शब्दशः खरा आहे.

नदी खोल झाली, तरी रुंदी बेताचीच राहिली. ‘क्वीन मेरी’ची लांबी 1,019 फूट, म्हणजे ते सरळ पाण्यात सोडले असते, तर समोरच्या काठावर जाऊन आदळले असते. क्लाइडबँक येथील जॉन ब्राउन यांच्या गोदीची जागा या दृष्टीने भाग्याची होती, कारण तिच्या समोरच कार्ट ही उपनदी क्लाइडला मिळते. उतरते बांधणीतळ तिरके, त्या मुखाच्या रोखाने आखलेले होते, त्यामुळे जहाजाला मागे सरकायला संगमाचे पाणी मिळे. त्यातही वेग आवरण्यासाठी जहाजाला जड साखळ्यांचे भारे जोडत. ते जमिनीवरून फरफटत जाताना जहाजाची गती खात. हे सारे मोठ्या भरतीची वेळ साधूनच करावे लागे. 26 सप्टेंबर 1934 रोजी ‘क्वीन मेरी’ याच पद्धतीने पाण्यात उतरली.

प्रश्न : क्लाइडचे एवढे कौतुक कशाला? आमच्या मुंबईत वाडिया मंडळी त्याआधीपासून उत्तम जहाजे बांधत होती.
— एक वाचक, माझगाव

उत्तर : आपला अभिमान रास्त आहे. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली आणि 1817 मध्ये पाण्यात सोडलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. परंतु शिडे आणि सागवान यांचे युग संपून लोखंड आणि वाफ यांचे युग आले, तेव्हा पारडे फिरले, आणि ते कारागिरांच्या कौशल्यामुळे फिरले असे आम्हांला वाटत नाही. क्लाइडच्या खोऱ्यातच कोळसा होता, लोहखनिज होते आणि वाफेच्या यंत्रांचे कारखानेही होते. 1812 साली हेन्री बेल याची ‘कॉमेट’ ही आगबोट तेथे प्रवाशांची ने-आण करू लागली होती. मुंबईत सागवान येत होते, पण लोखंडाची भट्टी जवळ नव्हती.

माझगावकरांना आणखी एक धागा ठाऊक असेलच. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि 1968 मध्ये पाण्यात उतरलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट ज्या ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने तयार झाली, त्यांपैकी यॅरो ही क्लाइडकाठच्या स्कॉट्सटनची होती.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मुलाकडे ग्लासगोला जात आहोत. यातले काही पाहायला उरले आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गव्हन आणि स्कॉट्सटन येथे आजही युद्धनौका बांधल्या जातात, पण त्या बाहेरूनच पाहाव्या लागतील. क्लाइडबँकची 1907 सालची ‘टायटन’ क्रेन दुरूनही दिसते. वेळ थोडा असेल, तर आमचा आग्रह डंबार्टनचा. तेथे 1883 मध्ये डेनी कंपनीने बांधलेला लांबच लांब हौद आहे, ज्यात जहाजांच्या मेणाच्या प्रतिकृती ओढून त्यांना पाण्याचा किती अडथळा होतो हे मोजत असत. नातवंडे बरोबर असतील, तर ‘वेव्हर्ली’ या चाकांच्या आगबोटीने फेरी मारावी. 1946 मध्ये पाण्यात उतरलेली ही बोट 1974 मध्ये जुन्या आगबोटींच्या हौशी मंडळींच्या संस्थेला अवघ्या एका पौंडाला देण्यात आली आणि त्यांनी ती पुन्हा चालती केली. ती उन्हाळ्यातच धावते आणि हवामानानुसार वेळापत्रक बदलते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. यंत्रखोलीच्या बाजूने चालताना तिचे तिन्ही दांडे फिरताना जवळून दिसतात.