कप्पे पाडले, तरी गवत विरळ का?

प्रश्न : दहा गाईंसाठी कुरणाचे सहा कप्पे पाडले आहेत. एका कप्प्यात आठवडाभर चराई होते. तरीही गवत विरळ होत चालले आहे. काय चुकते?

उत्तर : चूक मुक्कामाची आहे. चांगल्या वाढीच्या दिवसांत खाल्लेल्या गवताला तीन-चार दिवसांत कोवळा फुटवा येतो. गाय जून पात सोडून आधी तोच खाते, आणि मुळांतला साठा संपून ठोंब मरतो. म्हणून मुक्काम जास्तीत जास्त तीन दिवस ठेवा. एक दिवस उत्तम.

कप्पा मापून पाडा. 400 किलोच्या गाईला वजनाच्या सुमारे 3 टक्के, म्हणजे 12 किलो शुष्क चारा (ओलावा वजा जाता उरणारे वजन) लागतो. दहा गाईंना 120 किलो. हेक्टरी 1500 किलो शुष्क चारा चरण्याजोगा असेल, तर रोज 800 चौरस मीटर पुरे. चरलेल्या कप्प्याला विश्रांती 30 दिवस धरली, तर रोज एक याप्रमाणे कप्पे 31. वाढ मंदावली की विश्रांती 45 ते 60 दिवसांवर न्या. खरे तर दिनदर्शिकेपेक्षा गवताकडेच पाहावे : 20-25 सेंटिमीटरला गाई आत, 8-10 ला बाहेर. हे शेवटचे बोटभर गवत वाचवणे फार महत्त्वाचे, कारण पुढची वाढ त्यावरच होते.

आतल्या कुंपणाला झटका मशीनवरची विजेची एक तार पुरते. मात्र टोकाला किमान 3000 व्होल्ट मिळतात का ते तपासा. कमी भरले तर आधी अर्थिंग पाहा. कोरड्या जमिनीत तेच दगा देते. आणि द्विदल चारा दाट असेल तर दवात भुकेल्या गाई सोडू नका, पोट फुगते.