कोथिंबीर रोज खाल्ली तर तब्येतीला खरंच काही फायदा होतो का?

हो, होतो, पण मूठभर खाल्ली तर, वर भुरभुरवलेल्या चार पानांनी फारसा नाही. पोषणमूल्यांच्या तक्त्यात 100 ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत साधारण 310 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के दिलेलं असतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला 90 ते 120 पुरतं, म्हणजे 20 ग्रॅममध्येच निम्मी गरज भागते, आणि हे रक्त गोठायला आणि हाडांना लागतंच. शिवाय बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) आणि थोडं व्हिटॅमिन सी, जे उष्णतेने कमी होतं म्हणून गॅस बंद केल्यावरच घाला. कोथिंबीर शरीरातले विषारी पदार्थ बाहेर काढते अशा डिटॉक्सच्या दाव्यांवर मात्र विसंबू नका प्लीज. आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर प्रमाण अचानक वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.