चार चव्वेचाळीसचा हिशेब

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी सातही गाणी मी दोनदा ऐकली, एकदा हेडफोन लावून आणि एकदा स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर. सोबतच्या पत्रात तू विचारले आहेस की, पहिल्या क्रमांकावर जाणारा अल्बम घडतो तरी कसा. उत्तरादाखल मी तुला एकाच अल्बमविषयी लिहितो आहे. जे-झी या अमेरिकन रॅपरचा ‘४:४४’ आला तेव्हा जे-झी ४७ वर्षांचा होता, १९९६ सालच्या त्याच्या पहिल्या अल्बमला २१ वर्षे झाली होती, आणि लोक त्याच्याकडे रॅपरपेक्षा उद्योजक म्हणूनच अधिक पाहू लागले होते.

तू आकड्यांपासून सुरुवात केली आहेस, म्हणून मीही तिथूनच करतो. ३० जून २०१७ रोजी हा अल्बम केवळ तेव्हा त्याच्या मालकीच्या असलेल्या टायडल या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या सेवेवर आणि स्प्रिंट या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांसाठी खुला झाला. स्प्रिंटने प्रती घेऊन ग्राहकांना मोफत दिल्या, त्या जोरावर आठवड्याभरातच अल्बमला मोठ्या खपासाठीचे प्लॅटिनमचे प्रमाणपत्र मिळाले; पण अल्बमची क्रमवारी लावणाऱ्या बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाने त्या मोफत प्रती धरल्या नाहीत आणि पहिल्या आठवड्यात अल्बम त्यांच्या यादीत दिसलाच नाही. पुढे तो इतरत्र आणि सीडीच्या रूपात विक्रीला आला, तेव्हा विक्री आणि ऑनलाइन ऐकणे मिळून मोजलेल्या सुमारे २ लाख ६२ हजार एककांसह थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला. जे-झीचा तो पहिल्या क्रमांकाचा चौदावा अल्बम होता. त्याच्यापुढे त्या वेळी १९ अल्बम असलेले बीटल्स तेवढे उरले होते. तीच गाणी एका आठवड्यात यादीबाहेर होती आणि पुढच्या मोजणीत सर्वांच्या वर होती, हे तू नीट पाहावेस असे मला वाटते. क्रमांक मिळाल्याचा आनंद जरूर मानावा, पण गाणे लिहायला बसताना तो डोळ्यांपुढे ठेवू नये, कारण मोजण्याचे नियम आपल्या हातात नसतात.

आता अल्बमकडे वळू. दहा गाणी, अवघी ३६ मिनिटे. एवढ्या ज्येष्ठ कलावंताला वीस गाणी आणि दहा नामवंत पाहुणे गोळा करणे सहज शक्य होते. त्याने सगळे संगीत शिकागोच्या नो आय. डी. या एकाच निर्मात्याकडे सोपवले, आणि माझ्या मते या अल्बमचे अर्धे यश या एका निर्णयात आहे. तुझ्या सात गाण्यांना पाच जणांचे बीट, म्हणजे शब्दांखालचे ताल-संगीत, आहेत. प्रत्येक बीट चांगला आहे, तरीही ऐकणाऱ्याला दर तीन मिनिटांनी नव्या घरात शिरल्यासारखे होते आणि तुझा आवाज कुठेच स्थिरावत नाही.

शीर्षकगीताची हकिगत तुला उपयोगी पडेल. नो आय. डी.ने हॅना विल्यम्स या ब्रिटिश गायिकेचे एक आर्त गाणे सॅम्पल म्हणून, म्हणजे त्याचा ध्वनिमुद्रित तुकडा वापरण्यासाठी, निवडले आणि त्यावर असा बीट रचला की, जे-झीला स्वतःच्या संसाराबद्दल बोलल्याशिवाय गत्यंतर राहू नये. हे नो आय. डी.ने नंतर मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे. जे-झीला पहाटे ४ वाजून ४४ मिनिटांनी जाग आली आणि त्याने ते गाणे रचले. त्यात तो बायकोची, म्हणजे गायिका बियॉन्सेची, आपल्या बेइमानीबद्दल सरळ शब्दांत माफी मागतो. तिने आपले दुःख वर्षभर आधीच स्वतःच्या अल्बममधून जगापुढे मांडले होते, त्यामुळे श्रोत्यांना घटना ठाऊकच होती. तरीही या गाण्याने माणसे हलली, कारण आपण काय केले हे आपल्या मुलांना एक दिवस कळेल, ही भीती त्याने लपवली नाही. बढाईच्या जोरावर उभ्या राहिलेल्या या कलेत दोन दशके राजेपद भूषवल्यावर हे बोलायला किती धैर्य लागले असेल, याचा विचार कर. पहिल्याच गाण्यात तो जे-झी या आपल्या प्रतिमेला मारून टाकण्याची भाषा करतो आणि लहानपणी स्वतःच्या भावावर गोळी झाडल्याचेही बोलून दाखवतो.

आईवरचे गाणे मात्र मला सर्वांत अधिक जवळचे आहे. ग्लोरिया कार्टर यांनी आपले एका स्त्रीवरचे प्रेम अनेक वर्षे जगापासून दडवून चार मुले वाढवली. मुलाने त्या प्रेमाचा आनंद गाण्यात मांडला आणि शेवटी स्वतः बाजूला होऊन आईलाच बोलू दिले. ती स्वतःच्या आवाजात आपली कविता वाचते. रॅपरने माईक दुसऱ्याच्या हाती द्यावा तो असा! दुसऱ्याचे गुपित त्याच्या संमतीने आणि त्याच्याच आवाजात आले की त्याचा मान राहतो. तुझ्या पाचव्या गाण्यात तू बहिणीविषयी जे लिहिले आहेस, ते तिला आधी ऐकव. तिने नको म्हटले, तर ते कडवे काढून टाक, यमक कितीही चांगले जुळलेले असले तरी.

पैशाविषयी तू अनेक ओळी लिहिल्या आहेस, म्हणून त्याबद्दलही सांगतो. ब्रुकलिनच्या मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत वाढून, अमली पदार्थ विकून दिवस काढलेला हा माणूस या अल्बममध्ये पैशाचे वर्णन फारसे करत नाही, हिशेब करतो. डंबो भागातली एक इमारत २० लाख डॉलरला मिळत असताना घेतली नाही, ती आज अडीच कोटींची झाली, अशी हळहळ तो ऐकवतो. शेवटच्या गाण्याची सुरुवात त्याची लेक मृत्युपत्र म्हणजे काय असे विचारते तिथून होते, आणि उत्तरादाखल तो कोणाला काय ठेवून जायचे ते सांगू लागतो. तुझ्या ओळींतल्या गाड्या आणि साखळ्या अजून तुझ्या झालेल्या नाहीत, आणि ते ऐकताना कळते. मी कंट्रोल रूमच्या काचेमागे बसून एका गुणी गायकाला न वाचताच करारावर सही करताना पाहिले आहे. पुढे त्याच्याच गाण्यांवर त्याचा हक्क उरला नाही आणि मी त्या दिवशी गप्प राहिलो, याची बोच आजही आहे. म्हणून तुला बजावून सांगतो की मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे राहणार, हे कागदावर स्पष्ट झाल्याशिवाय एकही गाणे बाहेर जाऊ देऊ नकोस, आणि सॅम्पल वापरलेस तर त्याची परवानगी आधी घे.

हा अल्बम निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. मालमत्तेच्या त्याच गाण्यात ज्यू समाजाविषयीची एक ओळ आहे, तिच्यावर रास्त आक्षेप घेतला गेला. हेतू कौतुकाचा असला तरी अख्ख्या समाजाला एका साच्यात कोंबणारी ती ओळ मला खटकते. तुझ्या दुसऱ्या गाण्यातही तशीच एक ओळ आहे. ती कोणती, हे तुला सांगावे लागू नये.

आणखी एक गोष्ट. जे-झी कागदावर न लिहिता मनातच कडवी रचतो, हे प्रसिद्ध आहे. त्याचे अनुकरण तू आत्ताच करू नकोस. तू लिहीत जा, खोडत जा आणि खोडलेले जपून ठेव.

तुझ्या चौथ्या गाण्यात वडिलांच्या बंद पडलेल्या दुकानाचा उल्लेख एका ओळीत येतो, आणि पुढच्याच ओळीत तू घाईने स्वतःच्या कौतुकाकडे वळतोस. सातही गाण्यांत माझा हात थांबला आणि मी मागे जाऊन पुन्हा ऐकले, असे तेवढे एकच ठिकाण आहे. ते दुकान कशाचे होते, शटर कोणत्या दिवशी खाली आले, तेव्हा तू कुठे होतास आणि त्यांना काय बोललास, किंवा का बोलला नाहीस, हे सगळे लिही. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा ते गाणे फक्त आवाजात मुद्रित करून आण. बीटचे आपण त्यानंतर पाहू.

तुझा,
स्टुडिओतला काका