वाचकांचे प्रश्न : हतनूरच्या पाण्यात नौका कशी बांधावी?

प्रश्न : हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या संगमाजवळ, आम्ही केबिनची छोटी शिडाची नौका नांगरून ठेवतो. यंदा दोर दोनदा तुटला आणि पाणी वाढताच नांगर सरकला. काय चुकते? (एक वाचक, मुक्ताईनगर)

उत्तर : तुटलेल्या दोराचे टोक हाती घेऊन पाहावे. पीळ जर नाळीच्या (नौकेच्या पुढच्या टोकाच्या) कडेशी घासला जातो तेथेच कापसासारखा फुलला असेल, तर दोष दोराचा नसून घर्षणाचा आहे. तेवढ्या भागावर बागेच्या रबरी नळीचा हातभर तुकडा चढवावा. प्लॅस्टिकचा स्वस्त दोर मात्र टाळावा, कारण खानदेशातील मे महिन्याच्या उन्हात तो लवकर ठिसूळ होतो; नायलॉनचा दोर ताणला जातो आणि वाऱ्याचा झटका सोसतो.

नांगर सरकतो तो बहुधा दोर आखूड पडल्याने. आजची नव्हे, तर पाणी चढल्यावरची खोली धरावी, तीत पाण्यापासून नाळीपर्यंतची उंची मिळवावी आणि त्याच्या निदान पाचपट दोर सोडावा. खोली ६ मीटर व उंची १ मीटर असेल, तर ३५ मीटर. नांगराजवळ काही मीटर जड साखळी जोडल्यास ओढ आडवी राहून नांगर गाळात रुततो.

पावसाळ्याबाबत मात्र माझे मत ठाम आहे : धरणाचे ४१ दरवाजे उघडू लागले की तापी-पूर्णेच्या प्रवाहात ओंडके वाहत येतात, म्हणून जूनपूर्वीच नौका काठावर घ्यावी.