बेटावरचा इतिहास आणि दाराशी मोटार

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. दिवाळीच्या सुटीत स्वतःच्या मोटारीने एखाद्या लहान बेटावर जाऊन तेथील ऐतिहासिक ठिकाणे निवांतपणे पाहावीत, असा विचार आहे. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असल्यामुळे हलत्या होडीत चढणे-उतरणे जमणार नाही. कोणते बेट निवडावे आणि तेथे मोटारीचा कितपत उपयोग होईल?

उत्तर : जंजिरा, सिंधुदुर्ग आणि घारापुरी ही आपल्या किनाऱ्यावरची बेटे इतिहासाने कितीही समृद्ध असली, तरी मोटार किनाऱ्यावर ठेवून होडीनेच तेथे जावे लागते, त्यामुळे सासूबाईंचा विचार करता ती या खेपेस बाजूला ठेवावीत. तुमच्या सगळ्या अटींत बसणारे बेट म्हणजे दीव. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, खाडीवरच्या पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले हे बेट जेमतेम 40 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगला रस्ता आहे.

नाशिकहून वणी-सापुताऱ्यामार्गे सुरत गाठावे. तेथून भरूच, वडोदरा असा खंबातच्या आखाताला वळसा घालण्यापेक्षा सुरतजवळच्या हजिरा बंदरातून घोघ्याला जाणारी रो-रो फेरी, म्हणजे मोटारी थेट आत चालवत नेता येणारे मोठे जहाज, घेणे सोयीचे. नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या या सेवेमुळे सुमारे 370 किलोमीटरचा रस्ता टळून समुद्रातले 90 किलोमीटरच अंतर उरते आणि मोटार जहाजातूनच पलीकडे जाते. जागा आधी आरक्षित करावी आणि निघण्यापूर्वी फेरीची वेळ पुन्हा विचारून घ्यावी, कारण हवामान बिघडले की वेळापत्रक बदलते. पुढे भावनगर, तळाजा, महुवा आणि उना या मार्गाने दीवला पोहोचता येते. हा सगळा प्रवास एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. सुरत किंवा भावनगर येथे मुक्काम करावा. वाटेत एका गोष्टीचे भान ठेवावे : घोघा हे भावनगरजवळचे बंदर आहे, तर घोघला हे दीवच्या पुलाअलीकडचे गाव आहे. मोबाइलवरच्या नकाशात घाईने नाव टाकताना या दोहोंची गल्लत होऊ शकते.

आता इतिहासाकडे वळू. दीव पाहताना सुरुवात किल्ल्यापासूनच करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण बाकी सगळे त्याच्या भोवतीनेच उलगडते. खंबातच्या आखाताकडे जाणाऱ्या व्यापारावर नजर ठेवता येईल अशी ही जागा असल्याने पोर्तुगीजांचा तिच्यावर फार पूर्वीपासून डोळा होता. 1509 मध्ये दीवजवळच्या समुद्रात त्यांनी इजिप्तचे मामलुक आणि गुजरातची सल्तनत यांच्या एकत्रित आरमाराला हरवले, पण बेट मात्र हाती लागले नाही. पुढे हुमायून चालून आल्यावर कोंडीत सापडलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने 1534 मध्ये पोर्तुगीजांना वसई देऊन टाकली आणि 1535 मध्ये दीवला किल्ला बांधण्याची परवानगी दिली. दोनच वर्षांनी तो दीवच्याच समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. त्यानंतर 1538 आणि 1546 अशा दोन मोठ्या वेढ्यांत हा किल्ला टिकून राहिला आणि 1961 च्या डिसेंबरात भारतीय सैन्याने गोव्याबरोबरच दीव मुक्त केले.

नाशिककरांना या कथेचा दुसरा धागा घराजवळच सापडेल. बहादूरशहाने दिलेली वसई 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकून घेतली, आणि गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरावरची पोर्तुगीज घंटा त्याच विजयाची खूण मानली जाते. निघण्यापूर्वी मुलांना ती अवश्य दाखवावी. मग दीवचा किल्ला त्यांना परका वाटणार नाही.

किल्ल्याच्या दाराजवळपर्यंत मोटार जाते, पुढे चालावे लागते. तटावरच्या तोफा आणि दीपगृह लांबूनही दिसतात. पण बाहेरचा तट आणि आतला तट यांच्यामधला, खडकात खोदलेला खंदक मात्र पुलावर थांबून नीट न्याहाळावा. तीन बाजूंनी समुद्र असलेला हा किल्ला वेढ्यात का टिकला, ते तेथे उभे राहिल्यावर चटकन ध्यानात येते. सासूबाईंना सगळे चढ चढवू नयेत. समोर पाण्यात उभा असलेला पाणीकोठा हा छोटा जलदुर्ग किनाऱ्यावरून उत्तम दिसतो. त्यासाठी होडीची गरज नाही.

मोटारीचा खरा उपयोग यानंतर होतो. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले सेंट पॉल चर्च किल्ल्यापासून अगदी जवळ असून त्यातले लाकडी कोरीवकाम सावकाश पाहावे असे आहे. नायडा गुंफा म्हणजे दगड काढून काढून तयार झालेल्या पोकळ्या आहेत. किल्ल्यासाठी दगड येथूनच नेला, असे सांगतात. भिंतींवर चौकोनी चिरे कापून काढल्याच्या पायऱ्यांसारख्या खुणा आहेत आणि छताच्या भोकांतून ऊन थेट त्यांवर पडते. आतली जमीन उंचसखल असल्याने सासूबाईंनी तोंडाशीच थांबावे. चक्रतीर्थाजवळचे आयएनएस खुकरीचे स्मारक मात्र चुकवू नका. 9 डिसेंबर 1971 रोजी पाणतीराने बुडवलेल्या या युद्धनौकेबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, इतर 17 अधिकारी आणि 176 नौसैनिक यांनी जीव गमावला. नागवा किनारा आणि पश्चिमेकडचे वणाकबारा गाव परतीच्या आदल्या संध्याकाळी एका फेरीत होऊन जातात.

बेटावर दोन पूर्ण दिवस ठेवावेत. मात्र, शक्य असल्यास सुटीचे दिवस बदलावेत, कारण दिवाळी ते लाभपंचमी या काळात गुजरातमधून प्रचंड गर्दी लोटते, खोल्यांचे भाव चढतात आणि जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांत मोटार अडकून बसते. तेथे गाडी बाहेरच उभी करून चालत फिरणे बरे.

प्रश्न : दीवहून परतताना तपासणी नाक्यावर अडचण येते का? (एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर : दीव केंद्रशासित प्रदेशात आहे आणि तेथे मद्यविक्रीला मुभा आहे, गुजरातमध्ये मात्र दारूबंदी आहे. त्यामुळे परतीच्या वाटेवर गाडीत बाटली सापडल्यास गुन्हा दाखल होतो. भाड्याची गाडी असेल, तर निघण्यापूर्वी चालकालाही हे स्पष्ट सांगून ठेवावे आणि गाडीची कागदपत्रे हाताशी ठेवावीत.