आजीचा अभंग आणि शीरखुर्मा

प्रिय मिहू,

परवा गाडीत तू विचारलंस, "आजी रोज सकाळी त्या मुसलमान संताचं गाणं म्हणते ना? मग माझ्या मैत्रिणीच्या आईने ईदला दिलेला शीरखुर्मा का नाही खाल्ला? पोट बरं नाही म्हणाली, पण नंतर दोन पुरणपोळ्या खाल्ल्या." मी सिग्नलकडे बघत राहिलो. तुझ्यासमोर हे मला नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहितोय.

ते गाणं म्हणजे शेख महंमदांचा अभंग. हे आपल्याच नगर जिल्ह्यातले, श्रीगोंद्याचे. गुरू चांद बोधले. त्यांचा 'योगसंग्राम' १६४५ चा, सगळा मराठी ओव्यांत. श्रीगोंद्याला त्यांची समाधी आहे, तिला कोणी मठ म्हणतं, कोणी दर्गा. अभंगात काटेरी केतकीच्या पोटी केवडा येतो, फणसात गोड गरे निघतात, टणक नारळात पाणी सापडतं, आणि शेवटी ते स्वतःवर येतात: "शेख महंमद अविंध । त्याचे हृदयी गोविंद". अविंध म्हणजे मुसलमान. गंमत म्हणजे 'नाही सोवळे ओवळे' हे सुरुवातीलाच येतं. आजीला सगळा पाठ आहे.

मी तो आजीकडून नाही, आप्पांच्या ओसरीवर ऐकला. एकादशीला भजन असायचं. गावातले एक मुसलमान पिंजारीकाका यायचे, आपल्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांनीच पिंजलेल्या. हा अभंग आप्पा दुसऱ्या कोणाला म्हणूच द्यायचे नाहीत. काकांनी वरचा सूर लावला की बापूकाका टाळ वाजवायचं विसरायचा. मग चहा. सगळ्यांना आतून कपबश्या यायच्या, काकांचा कप मात्र ओसरीच्या कोनाड्यात वेगळा. ते तो स्वतः काढायचे, पिऊन झाला की विसळून परत ठेवायचे. मला लहानपणी वाटायचं, तो त्यांच्या मानाचा कप आहे.

आता तू म्हणशील, म्हणजे सगळं ढोंगच. तसं मला म्हणवत नाही. आप्पा गेले तेव्हा काकांनी खांदा दिला आणि रात्रभर भजन केलं. अभंग नसता तर ते ओसरीपर्यंत तरी आले असते का? पण इतक्या पिढ्या तोच अभंग म्हणून माणसं ओसरीवरच का अडली, हे मलाही कळत नाही. आजीची बाजू घ्यायला बसलो की कप आठवतो, तिला दोष द्यायला लागलो की ते भजन.

तुझ्या शाळेच्या भिंतीवर रूमी या फारसी सूफी कवीच्या ओळी आहेत. रूमी आताच्या तुर्कस्तानातल्या कोन्याला १२७३ मध्ये वारले, ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा मानतात. (अशी सालं जुळवायची मला खोड आहे, तुझी आई हसते.) रूमी आवडणं सोपं आहे, त्यांच्या घरचा चहा प्यावा लागत नाही. मला पैठणच्या एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' जास्त पटतो. त्यात दोघं आधी एकमेकांचे देव-धर्म काढून मनसोक्त भांडतात, मिठी त्यानंतर.

तू हे अभंग पाठ करावेस असा माझा आग्रह नाही. ऐकावंसं वाटलं तर ऐक, नाहीतर राहू दे.

मैत्रिणीच्या आईचा डबा मात्र रिकामा परत द्यायचा नाही. आजीला बेसनाचे लाडू करायला सांग, ती आनंदाने करेल. द्यायला तिची कधीच ना नसते, अडतं ते घेताना. आणि तुझा प्रश्न तिलाच विचार, लाडू वळताना, मराठीत. इंग्रजीत विचारलास तर हसून टाळेल. आईसमोर मात्र नको, त्या दोघींचं वेगळंच सुरू होईल.

तुझा,
बाबा