पटकथा वाचली, आता बाप नीट लिही

प्रिय दोस्ता,

पटकथा वाचली. मुलगी छान उतरली आहे, बाप मात्र अजिबात जमलेला नाही. पहिल्या पानापासून तो पितो, ओरडतो, मारतो. अशा बापाचा तिरस्कार करणं कुणालाही सोपं. पण हाच माणूस पगाराच्या दिवशी जिलेबी आणतो, दहावीच्या पोरीला रात्री क्लासवरून आणायला स्टेशनवर उभा राहतो, आणि त्याच रात्री आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावतो. पोरीला तो आवडतो. तिची खरी पंचाईत ती, आणि नेमकं तेच लिहायचं तू टाळलं आहेस.

दुसरं म्हणजे, गोष्ट लालबागच्या चाळीत घालून मध्यंतराला तू शेजाऱ्यांना धक्का देतोस! अरे, दहा बाय बाराची खोली, सामाईक गॅलरी. तिथे कुकरच्या शिट्ट्यासुद्धा पलीकडे मोजतात. सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक असणार. आवाज चढला की शेजारचा टीव्ही मोठा होतो, सकाळी नळावर त्या बाईच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. 'त्यांच्या घरचा मामला.' अख्ख्या मजल्याला माहीत असलेली गोष्ट पोरीने शाळेत मात्र मैत्रिणींपासून लपवत राहायची, हे मला बघायला आवडेल.

मारहाणीचे प्रसंग काप. फार तर एक ठेव. मी संकलक आहे, नाहीतरी टेबलावर ते मीच कापणार. त्याऐवजी पोरीचं ऐकणं दाखव. आजची रात्र कशी जाणार हे अशा घरातलं मूल जिन्यावरच्या पावलांवरून ताडतं. चप्पल कशी काढली, कडी कशी लावली, पहिला प्रश्न कुठल्या सुरात आला. तुझ्याकडे हे एकाच ठिकाणी आहे: ती धाकट्याच्या कानाला हेडफोन लावून देते आणि स्वतः भूगोल वाचत बसते. अप्रतिम. कॅमेरा तिच्यावरून हलवू नकोस, बाकीचं आवाजावर सोड. पुढे कधीतरी ती धाकट्यावर बापाच्याच सुरात खेकसते, तोही प्रसंग लिही.

शेवटी आई बॅग भरून पोरांसह कल्याणला माहेरी जाते. का? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार खोली नवऱ्याच्या नावावर असली तरी तिथे राहायचा हक्क तिला आहे, आणि दंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. हे तुझ्या एकाही पात्राच्या कानावर गेलेलं नाही.

पोलीस ठाण्याचा प्रसंगही पुन्हा तपास. कितीतरी बायका त्याआधी दवाखान्यात पोचतात, 'बाथरूममध्ये पडले' म्हणत. म्हणून तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी २००० साली घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तुझी माणसं केईएमलाच धावतील, तरी वांद्र्याला जाऊन तिथल्या समुपदेशकांशी बोलून ये. केसपेपरच्या खिडकीवर 'काय झालं?' असं विचारल्यावर आईच्या आधी पोरगीच उत्तर देते, असं काही सुचतंय का बघ. खरं सांगते की खोटं, ते तू ठरव.

धाकट्याच्या भूमिकेला चौदाच्या आतलं मूल घेणार असशील तर नियम आहेत: दिवसाला पाच तासांवर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांवर नाही. मारहाणीच्या शूटला त्याला सेटवर आणूच नकोस. त्याचे क्लोजअप दुसऱ्या दिवशी घे, मी जोडून देतो.

आणि एक. हेडफोनचा तो तुकडा ऐकीव वाटत नाही. मी विचारणार नाही. पण तुझ्या किंवा ओळखीच्या कुणाच्या घरात हे चालू असेल, तर अठराच्या आतल्यांसाठी १०९८ आहे, बायकांसाठी १८१ आहे, आणि जीवावर बेतलं तर ११२. माझा फोन रात्रीही चालू असतो.

दुसरा मसुदा गणपतीच्या आधी पाठव. नंतर मी एका सिरीजच्या एडिटला बसतोय, मग दिवाळीपर्यंत हाती लागणार नाही.

तुझा,
दादा